ताटली क्रमांक सतरा

मी ताटल्या धुतो. बावीस वर्षं झाली.
विद्यापीठाच्या मागच्या खोलीत,
तळहाताएवढ्या, काचेच्या, झाकणाच्या.
आधी वाफेच्या भांड्यात घालायच्या,
आत वाढलंय ते मेलं की मगच झाकण काढायचं.
एवढं मला शिकवलंय. बाकी ऐकून ऐकून.

नरसव्वा अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या रंगखात्यात.
गमबूट, गमबुटात पाणी,
कमरेला ओला पदर खोचलेला.
नाडीच्या रेषेवर उठलं ते आधी रुपयाएवढं,
मग भाकरीएवढं.
कडेला लाल, मध्ये बरं झाल्यासारखं.
गजकर्ण असंच फसवतं:
मधून माघार घेतं
आणि कडेनं पुढे सरकत राहतं.

मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली.
आठ दिवसांत खाज गेली,
नवव्या दिवशी परत आली,
जांघेत, काखेत सोयरे घेऊन.
अशा चार ट्यूबा.
धाकटीच्या मानेवर उठलं तेव्हा नरसव्वा रडली.
स्वतःच्यासाठी रडली नव्हती.

मी स्पंदना मॅडमना सांगितलं, फरशीकडे बघत.
त्यांनी हसण्यावारी नेलं नाही.
बोथट पात्यानं कडेची खपली खरवडली,
काळ्या कागदावर घेतली, ताटलीत पेरली.
बाहेर त्रेचाळीस. पेटीत अठ्ठावीस,
लाइट गेली तरी अठ्ठावीस.
आमच्या घरात कुणाची एवढी बडदास्त नाही.

पंधरा दिवसांनी नरसव्वाला बोलावलं.
वरून पांढरं, मऊ, पिंजल्यासारखं,
खालून बघावं तर तिच्याच खात्यातला मरून.
"एमंडी, हे माझंच का?"
तुझंच, म्हटलं.
तिनं काच उजेडाकडे धरली, वाकडी केली.
"पोत चांगलाय," म्हणाली. "धुतल्यावर टिकेल?"
मॅडमना हसू आवरेना.

मग तेलं आली.
गवती चहा, लवंग, ओवा.
ओव्याचा अर्क काढायचा तर चार तास वाफ,
सगळी खोली बाळंतिणीच्या खोलीसारखी,
शेगडी नाही, बाळ नाही, नुसता वास.
कागदाची टिकली, टिकलीवर एक थेंब,
टिकली ताटलीच्या मधोमध.
कुठल्या ताटलीत बुरशी थेंब ओलांडून गेली.
कुठल्या ताटलीत जरा थबकली.
सतरा नंबरला ओवा होता.
टिकलीभोवती दोन बोटं रुंद
कोरी जागा.
पांढरं तिथवर आलेलं
आणि उंबऱ्याशी उभं राहिलेलं.
थायमॉल, मॅडम म्हणाल्या, वहीत लिहिलं.
मी मनात म्हटलं, फोडणीच्या डब्यात होता की हा.

तेच घरी बोलून बसलो.
नरसव्वानं त्याच रात्री बाजारातलं ओव्याचं तेल
कमरेला चोळलं, निव्वळ.
सकाळी फोड.
मॅडम रागावल्या नाहीत, खुर्चीत बसल्या.
"ताटलीला कातडी नसते, मल्लेशम.
ताटली ओरडत नाही."
किती थेंब, कशात मिसळून, किती दिवस,
कुणाच्या अंगावर, कुणाच्या नाही,
हे कळायला वर्षं जातात. कधी कळतही नाही.
तोवर सिव्हिलला जा, म्हणाल्या. सगळे जा.

गेलो. तिघांना गोळ्या, तिघांचे टॉवेल वेगळे,
कपडे उलटे करून पत्र्यावर वाळत.
सोलापूरचं ऊन
पहिल्यांदा आमच्या बाजूनं लढलं.
ट्यूबा मी नाल्यात नाही,
मेडिकलवाल्याच्या काउंटरवर टाकून आलो.
तो काही बोलला नाही. मीही.

सतरा नंबर महिनाभर ठेवली होती.
फोटो झाले, पट्टीनं मोजून झालं,
मग माझ्याकडे आली, बाकीच्यांसारखीच.
वाफेत घातली. घासली. पालथी घातली.

रात्री नरसव्वानं विचारलं, तिचं काय केलं?
धुतली, म्हटलं.
कूस बदलली तिनं.
अंधारात खाजवायचा आवाज येतो का,
मी बराच वेळ ऐकत राहिलो.
पंखा तेवढा.